सर्व्होची चाके: घरी बनवलेला रोबो आतून कसा चालतो

घरी बनवलेला चाकांचा रोबो पाहताना बहुतेकांचे लक्ष मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाकडे जाते, कारण रोबोचा मेंदू म्हणून तोच ओळखला जातो. माझे मत असे आहे की ज्याला हे यंत्र खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याने सुरुवात सर्व्होपासून, म्हणजे सांगितलेल्या कोनात आपला दांडा वळवणाऱ्या छोट्या मोटर-डबीपासून, करावी, आणि जमल्यास एक सर्व्हो उघडूनच करावी. एसजी-९० या नावाने मिळणारा निळ्या प्लास्टिकचा सर्व्हो नऊ ग्रॅम वजनाचा आणि काडेपेटीहून लहान असतो; पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. तळाचे बारीक स्क्रू काढून वरचे झाकण अलगद उचलले की पांढऱ्या नायलॉनची, एकमेकांवर रचलेली दातेरी चाके दिसतात. त्यांच्याखाली करंगळीच्या पेराएवढी मोटर असते, तिच्याजवळ एक छोटा पोटेन्शिओमीटर, म्हणजे दुकानात ज्याला सगळे नुसते ‘पॉट’ म्हणतात तो, आणि तळाशी नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते.

या चार वस्तूंचे आपसातले नाते कळले की सर्व्हो कळला. मोटर अतिशय वेगाने फिरते, पण तिच्या दांड्याला जोर जवळजवळ नसतो. दातेरी चाकांमधून जाताना वेग घटत जातो आणि त्याच प्रमाणात जोर वाढतो. बाहेर निघणारा शेवटचा दांडा पॉटला जोडलेला असतो, त्यामुळे दांडा जितका फिरेल तितका पॉटचा रोध बदलतो आणि दांडा या क्षणी कोणत्या कोनात आहे हे पट्टीला समजते. बाहेरून आलेला हुकूम दांडा कुठे असायला हवा ते सांगतो, पॉट तो कुठे आहे ते सांगतो, आणि या दोहोंमधला फरक शून्य होईपर्यंत पट्टी मोटर फिरवत राहते. गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा हेच काम करतो: पाणी ठरावीक पातळीला येईपर्यंत तो नळ उघडा ठेवतो आणि पातळी आली की बंद करतो.

हुकूम येतो तो तिसऱ्या तारेतून. सर्व्होला तीन तारा असतात: तपकिरी तार ग्राउंडची, म्हणजे उणे बाजूची, लाल तार वीज पुरवणारी आणि नारिंगी तार संकेताची. या नारिंगी तारेवर दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, विजेचा एक छोटा स्पंद पाठवायचा असतो आणि सगळा अर्थ त्या स्पंदाच्या लांबीत असतो. स्पंद १.५ मिलिसेकंद टिकला तर दांडा मध्यावर येतो, १ मिलिसेकंदाकडे आला तर एका बाजूला आणि २ मिलिसेकंदांकडे गेला तर दुसऱ्या बाजूला वळतो. स्पंद किती व्होल्टचा आहे याला इथे फारसे महत्त्व नसते. तो किती वेळ टिकला एवढेच सर्व्हो मोजतो.

पण असा सर्व्हो साधारण १८० अंशांतच फिरतो आणि चाकाला तर अखंड फिरायचे असते. इथे घरगुती रोबो करणाऱ्यांची एक जुनी आणि मला फार आवडणारी युक्ती कामाला येते. टाकीतला तो गोळा दोरीने खाली बांधून ठेवला, तर टाकी भरूनही नळ बंद होणार नाही, कारण पाणी वर आल्याची खबर नळापर्यंत पोचणारच नाही. सर्व्होमध्येही तसेच करायचे: शेवटच्या दातेरी चाकाचा आणि पॉटचा संबंध तोडायचा आणि पॉट कायमचा मध्यावर स्थिर ठेवायचा. आता १.६ मिलिसेकंदांचा स्पंद आला की दांडा थोडा पुढे असायला हवा असे पट्टीला वाटते, ती मोटर फिरवते, पण पॉट जागचा हलत नसल्याने फरक मिटत नाही आणि मोटर फिरतच राहते. फरक मोठा असेल तर पट्टी जास्त जोराने फिरवते, लहान असेल तर हळू फिरवते आणि स्पंद १.५ चा झाला की थांबते. कोन सांगणारा हुकूम अशा रीतीने वेग आणि दिशा सांगणारा हुकूम होतो.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे आहे. शेवटच्या दातेरी चाकावर, ते ठरावीक कोनापलीकडे जाऊ नये म्हणून, प्लास्टिकचा एक बारीक अडथळा ठेवलेला असतो; तो धारदार पात्याने तासून सपाट करायचा. मग पॉट काढून त्याच्या जागी दोन सारखे रोध, साधारण २.२ किलोओहमचे, सोल्डर करायचे, म्हणजे पट्टीला पॉट कायम मध्यावर असल्याचा भास होतो. ज्यांना सोल्डरिंगचा सराव नाही त्यांनी दातेरी चाकातले पॉटला धरणारे भोक किंचित मोठे करावे, म्हणजे चाक पॉटच्या दांड्यावर मोकळे फिरेल. मात्र त्याआधी १.५ मिलिसेकंदांचा स्पंद चालू ठेवून, मोटर थांबेपर्यंत पॉट फिरवून, त्याचा मध्य पक्का करावा. हे सगळे टाळायचे असेल तर अखंड फिरणारे सर्व्हो तयारही मिळतात. तरीही एक तरी सर्व्हो स्वतःच्या हाताने बदलावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण ते पाते चालवताना जे समजते ते वाचून तितकेसे समजत नाही.

एवढासा सर्व्हो रोबो ओढेल का, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर साध्या गुणाकार-भागाकारात आहे. एसजी-९० चा जोर ४.८ व्होल्टवर १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर सांगितला जातो, म्हणजे दांड्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर तो १.८ किलो वजन जेमतेम तोलू शकतो. अंतर वाढले की ही ताकद त्याच प्रमाणात घटते. ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाची त्रिज्या ३.२५ सेंटिमीटर, म्हणून चाकाच्या कडेला सुमारे ५५० ग्रॅमचा रेटा उरतो, आणि चाके दोन आहेत. हा आकडा मोटर अडून राहण्याच्या सीमेवरचा आहे. रोज वापरायला त्याचा पाव भाग धरावा. तरीही सपाट फरशीवर तीन-चारशे ग्रॅमच्या रोबोला तो पुरून उरतो. शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांत पिवळ्या गिअरच्या बीओ मोटर जास्त दिसतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांना चालवायला वेगळे ड्रायव्हर सर्किट, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला पुरेसा प्रवाह देणारे सर्किट, लागते, आणि त्यासाठी सर्रास वापरले जाणारे एल-२९८ चे मॉड्यूल स्वतःच दीड-दोन व्होल्ट खाऊन टाकते. सर्व्होच्या पोटात ड्रायव्हर आधीच बसवलेला असतो. म्हणून पहिल्या रोबोला मी सर्व्होच सुचवतो.

आता मायक्रोकंट्रोलर. आर्डुइनो ऊनो आर-३ या बोर्डावरची मुख्य चिप एटीमेगा-३२८पी ही आहे. तिची कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, साठवण्याची मेमरी ३२ किलोबाइटची, चालू कामासाठी लागणारी २ किलोबाइटची आणि घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांचे. मोबाइलच्या तुलनेत हे आकडे फार छोटे आहेत, पण मोबाइलमध्ये एकाच वेळी असंख्य कामे चालू असतात आणि त्यामुळे आपला स्पंद नेमका १५०० मायक्रोसेकंदांनीच संपेल याची खात्री देता येत नाही. मायक्रोकंट्रोलरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नसते. वीज मिळाली की तो आपला एकच कार्यक्रम पहिल्या ओळीपासून सुरू करतो आणि वीज जाईपर्यंत तोच फिरवत राहतो. शिवाय त्याच्यात टायमर नावाचे मोजणीयंत्र असते. सर्व्होची लायब्ररी, म्हणजे सर्व्हो चालवण्यासाठी आधीच लिहिलेला तयार प्रोग्रॅम, ऊनोवरचा टायमर-१ ताब्यात घेते आणि तो दर अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक आकडा पुढे जाईल असा लावते. दीड मिलिसेकंद म्हणजे अशा मोजणीत ३०००. मोजणी सुरू होताना पिनवर वीज चढते, ३००० झाले की उतरते, आणि तेवढ्या वेळात मुख्य कार्यक्रम दुसरे काम करायला मोकळा असतो. टायमर-१ असा गुंतल्यामुळे ९ आणि १० क्रमांकांच्या पिनांवर एलईडी मंद-तेज करण्याची नेहमीची सोय बंद पडते, हे ठाऊक नसेल तर त्या पिना खराब झाल्या असा समज होतो.

इथेच आणखी एक बारकावा आहे. सर्व्होला मध्यावर ठेवायला, म्हणजे आपल्या बाबतीत थांबवायला, बहुतेक जण लायब्ररीला ९० अंशांचा हुकूम देतात, आणि चाक थांबण्याऐवजी मुंगीच्या चालीने सरकत राहते. लायब्ररी ० ते १८० अंश हे ५४४ ते २४०० मायक्रोसेकंदांवर पसरवते. त्यामुळे ९० अंश म्हणजे १५०० नसून १४७२ मायक्रोसेकंद होतात. २८ मायक्रोसेकंदांचा तो फरक चाकाला हळूहळू फिरवायला पुरेसा असतो. म्हणून अखंड फिरणाऱ्या सर्व्होला अंशांत हुकूम देऊच नये, थेट मायक्रोसेकंदांत द्यावा, आणि प्रत्येक सर्व्होचा खरा मध्य चाक निश्चल होईपर्यंत आकडा पाच-पाचने बदलून शोधावा. माझ्याकडच्या एका जोडीत एकाचा मध्य १४८५ ला आणि दुसऱ्याचा १५१० ला होता. मी ते आकडे मार्करने त्यांच्या पोटावरच लिहून ठेवले आहेत.

घरचे रोबो सर्वांत जास्त बंद पडतात ते वीजपुरवठ्यामुळे. माझा पहिला रोबो पुढे व्यवस्थित जात असे, पण मागे वळण्याचा हुकूम मिळाला की जागीच थबकून पुन्हा पुढे निघत असे. मी तीन संध्याकाळी कार्यक्रमातल्या ओळी तपासण्यात घालवल्या. मल्टिमीटर लावला तर काटेकोर ५ व्होल्ट दिसत होते. शेवटी लक्षात आले की प्रत्येक थबकण्याच्या क्षणी १३ क्रमांकाच्या पिनेजवळचा छोटा दिवा भरभर मिचकतो आहे, आणि ऊनो तो दिवा तसा मिचकावतो तो चालू होताना. बोर्ड दर वेळी बंद पडून नव्याने सुरू होत होता आणि कार्यक्रमाची पहिली ओळ ‘पुढे जा’ अशी असल्याने रोबो पुन्हा पुढे निघत होता.

कारण असे. फिरणारी मोटर ठरावीक प्रवाह घेते, पण थांबलेली मोटर सुरू होताना किंवा पुढे चाललेली मोटर एकदम उलटी फिरताना तिचा प्रवाह क्षणभर कितीतरी पटींनी वाढतो. एसजी-९० च्या बाबतीत तो सुमारे ०.७ अँपिअरपर्यंत जातो. दोन सर्व्हो एकदम उलटले तर १.४ अँपिअर. मी सगळे काही एका चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवत होतो. अशा बॅटरीचा अंतर्गत रोध दोन ओहम धरला, तर १.४ अँपिअरला तिच्या आतच २.८ व्होल्ट खर्ची पडतात आणि बाहेर ६.२ उरतात. बोर्डावरच्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट नीट देण्यासाठी किमान ७ लागतात. ही घट काही मिलिसेकंदांचीच असते, त्यामुळे संथ मल्टिमीटरला ती दिसत नाही. पण पुरेशी वीज नसताना चुकीचे काम करण्यापेक्षा स्वतःला नव्याने सुरू करावे, अशी व्यवस्था त्या चिपमध्येच केलेली आहे आणि ती आपले काम चोख बजावत होती.

उपाय सोपा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून करावा. सर्व्होंना स्वतंत्र वीज द्यावी: पुन्हा चार्ज होणारे, निकेल-मेटल-हायड्राइड जातीचे चार एए सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट. या सेलांचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने क्षणिक मागणी ते सहज सोसतात. त्यांच्या दोन टोकांना जोडून, सर्व्होंच्या शक्य तितक्या जवळ, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावावा. अचानक लागणारा प्रवाह तो आपल्या साठ्यातून देतो. त्याचे उणे टोक पट्ट्याने दाखवलेले असते आणि तो उलटा जोडला तर फुटू शकतो, एवढी काळजी घ्यावी. बोर्डाला पॉवर बँकेवरून यूएसबीने वीज दिली तर उत्तम, फक्त काही पॉवर बँका मागणी फार कमी असली की आपोआप बंद होतात, तेव्हा आधी पाहून घ्यावे. लिथियमचे सेल ताकदवान असतात, पण संरक्षक सर्किट आणि योग्य चार्जर यांच्याशिवाय ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

वीज वेगळी केली तरी दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र जोडलेच पाहिजे. ही एक तार विसरल्यामुळे सर्व्हो थरथरत राहतात किंवा अजिबात हलत नाहीत. ५ व्होल्टचा स्पंद म्हणजे ग्राउंडपेक्षा ५ व्होल्टने वर. सर्व्होचे ग्राउंड आणि बोर्डाचे ग्राउंड जोडलेलेच नसेल तर ही उंची कुठून मोजायची हेच सर्व्होला ठरवता येत नाही.

सांगाड्यासाठी तीन मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिकचा किंवा प्लायवूडचा तुकडा चालतो. दोन चाके दोन बाजूंना, आणि तिसरा टेकू म्हणून मागे एक मोकळी फिरणारी गोळी. रोल-ऑनच्या रिकाम्या बाटलीतली गोळी तिच्या खोबणीसकट उत्तम काम देते. सेल सगळ्यांत जड असतात, म्हणून ते चाकांच्या आसाच्या किंचित मागे ठेवावे, म्हणजे वजन चाकांवर येऊन पकड राहते आणि थांबताना रोबो नाक खाली टेकत नाही. सर्व्हो एकमेकांकडे पाठ करून बसवलेले असल्यामुळे रोबोने पुढे जावे म्हणून एकाला १५०० पेक्षा मोठा आणि दुसऱ्याला लहान आकडा द्यावा लागतो. पहिल्या चाचणीत रोबो गोल फिरला तर बहुधा हेच कारण असते.

वळण्यासाठी वेगळे स्टिअरिंग लागत नाही. एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवले की रोबो जागच्या जागी वळतो. दोन चाकांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर असेल तर पूर्ण गिरकीत प्रत्येक चाक सुमारे ३७.७ सेंटिमीटर चालते. ६५ मिलिमीटरच्या चाकाचा परीघ २०.४ सेंटिमीटर, म्हणजे काटकोनात वळायला चाकाचा अर्ध्याहून थोडा कमी फेरा पुरतो. मिनिटाला ६० फेऱ्यांचा वेग असेल तर तो ०.४६ सेकंदात होतो. कागदावर हे चोख उतरते. प्रत्यक्षात सेल उतरले की वेग घटतो आणि गुळगुळीत फरशीवर साधलेला काटकोन सतरंजीवर साधत नाही. आपण पॉट काढून टाकला तेव्हा सर्व्होला स्वतःची जागा कळण्याची सोयच गेली, तिची ही किंमत आहे. ती सोय वेगळ्या रूपात परत आणण्यासाठी सेन्सर लागतात.

सर्वांत सुलभ सेन्सर म्हणजे एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा. त्याला १० मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की तो ४० किलोहर्ट्‌झचे, माणसाला ऐकू न येणारे आठ ठोके सोडतो आणि प्रतिध्वनीला लागलेला वेळ स्पंदाच्या लांबीने कळवतो. ध्वनी २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून जाऊन येऊन प्रत्येक सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद पडतात. ११६० चा आकडा आला तर भिंत २० सेंटिमीटरवर आहे. पडदे आणि गाद्या ध्वनी शोषून घेतात आणि तिरकी भिंत तो भलतीकडे परतवते, त्यामुळे एकाच मापावर निर्णय घेऊ नये; लागोपाठ तीन मापे घेऊन मधले धरावे.

कार्यक्रम लिहिताना नवख्यांकडून एक चूक हमखास होते. ‘अर्धा सेकंद थांब’ असा हुकूम दिला की तेवढा वेळ मुख्य कार्यक्रम खरोखरच काहीही करत नाही, अंतरही मोजत नाही; चाके मात्र टायमरच्या जोरावर फिरत असतात. सेकंदाला २० सेंटिमीटर जाणारा रोबो त्या अर्ध्या सेकंदात १० सेंटिमीटर आंधळा धावतो. त्याऐवजी हालचाल सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवावी आणि प्रत्येक फेरीत किती वेळ झाला ते पाहावे, म्हणजे मधल्या काळात सेन्सर वाचता येतो. नियम थोडेच लागतात: समोर मोकळे असेल तर पुढे जा, २० सेंटिमीटरच्या आत काही आले तर थांब, थोडे मागे ये, वळ. थोड्या नियमांतून किती जिवंत वाटणारी हालचाल निघते हे मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९४८-४९ मध्येच दाखवले होते. एल्मर आणि एल्सी नावाच्या त्यांच्या तीन चाकी ‘कासवां’मध्ये जेमतेम दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, होते, सोबत एक प्रकाशाचा आणि एक स्पर्शाचा सेन्सर, तरीही ती उजेड शोधत फिरत आणि अडथळा लागला की वाट बदलत.

सगळी जोडणी झाली की रोबो लगेच जमिनीवर सोडू नये. एका उपड्या वाटीवर तो ठेवावा, चाके हवेत राहू द्यावीत, आणि दोन्ही सर्व्हो आपापल्या मध्यावर पूर्ण थांबतात का, ‘पुढे जा’ हा हुकूम दिल्यावर दोन्ही चाके एकाच दिशेला फिरतात का, चाके एकदम उलटी फिरवल्यावर तो १३ क्रमांकाचा दिवा मिचकत तर नाही ना, हे पाहावे. मग फरशीच्या सांध्यावर चाक धरून त्याला दोन मीटर सरळ सोडावे. तो कुठल्या तरी बाजूला झुकणारच, कारण दोन सर्व्हो कधीच तंतोतंत सारखे नसतात. दोन्हींना पूर्ण वेगाने पळवत असाल तर ही तफावत मिटवता येत नाही. मध्यापासून शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांतच त्यांचा वेग कमाल होतो आणि त्यापुढे आकडा वाढवूनही फरक पडत नाही. म्हणून आधी दोन्ही चाके मध्यापासून ६० मायक्रोसेकंदांवर आणावी आणि जे चाक पुढे धावते त्याचा आकडा दोन-दोनने मध्याकडे सरकवावा. माझ्या रोबोला डाव्या चाकाचा आकडा मध्यापासून ६० वरून ५२ वर आणल्यावर दोन मीटरमध्ये बोटभर अंतरच पडू लागले.